नरसिंहापुढचं गाऱ्हाणं

दुपार कलली तेव्हा विनोद शिडी लावून माळ्यावर चढला आणि नरसिंहाचा मुखवटा दोन्ही हातांनी खाली देऊ लागला. खाली त्याचा थोरला भाऊ मंगळू हात पसरून उभा होता.

"हळू रे, कान सांभाळ देवाचा," मंगळू म्हणाला, आणि तेवढ्याशा बोलण्यानं त्याला खोकला आला.

विनोद शिडीवर तसाच थांबला, देवाला छातीशी धरून. ओटीवर बसलेली म्हातारी माघी थांबली. चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापणाऱ्या दोघी सुना थांबल्या. रस्त्यात गुरं आडवी आली की जीप थांबते आणि गुरं गेली की पुढे निघते, तसं हे घर गेले काही महिने मंगळूच्या खोकल्यासाठी थांबायला शिकलं होतं. खोकला गेला. मुखवटा खाली आला.

बोहाडा, म्हणजे मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव, तोंडावर आला होता. पोशेऱ्याच्या वरच्या अंगाच्या या पाड्यात प्रत्येक घराण्याचं सोंग ठरलेलं आहे. कोणाकडे गणपती, कोणाकडे रावण, आणि या घराकडे नरसिंह. बाप नाचला, त्याच्यामागे मंगळू. संबळ वाजू लागली की मुखवट्यातला माणूस घरातला राहत नाही, त्याची आईसुद्धा त्याच्या पाया पडते. मुखवटा नव्यानं रंगवून ज्या संध्याकाळी पहिल्यांदा चढवतात, त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं देवापुढं आपलं गाऱ्हाणं घालायचं, ही या घराची रीत. देव बोलत नाही. तो ऐकतो, आणि पटलं तर मान झुकवतो.

चंदना हे सगळं स्वयंपाकाच्या दारातून पाहत होती. अंगणात मोहाच्या फुलांचा गोड, जड वास भरून राहिला होता. त्या वासानं या दिवसांत माणसं जागेपणीसुद्धा अर्धी झोपेत असल्यासारखी चालतात. ती या घरची धाकटी सून, विनोदची बायको. जव्हारला राहून नर्सिंगचं शिकली आणि गेल्या पावसाळ्यापासून पाड्याखालच्या उपकेंद्रात लागली. विनोद तिला एकदा म्हणाला होता, "उपकेंद्रात तुझी पावलं वाजतात. घरात वाजत नाय. मी जीपची खोडाळ्याची फेरी मारून येतो न पायरीवर बसून ऐकतो. दोन बायका केल्यासारखं वाटतं मला."

ती तेव्हा हसली होती. पण ते खरं होतं. उपकेंद्रात ती पाड्यावरच्या कोणाही बाप्याला "शर्ट वर करा, श्वास घ्या" म्हणत असे. घरी जेठापुढं, म्हणजे मंगळूपुढं, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. जेठाशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. काही सांगायचंच झालं तर ती घराच्या मधल्या खांबाला सांगे, "खांबा, थोरल्यांना म्हण, जेवण वाढलंय." आणि मंगळू खांबाकडे पाहून म्हणे, "खांबा, आलो म्हण." घरातली पोरं हसून लोळत.

त्याच्या खोकल्याची तिला काळजी होती, पण ती आता कमी झाली होती. महिन्याभरापूर्वी तिनं बेडक्याची डबी थोरल्या जावेच्या हाती दिली होती, भरून आली तशी तालुक्याला पाठवली होती, आणि क्षय नाही असा निकाल आला होता. घरानं त्या दिवशी कोंबडा कापला होता.

* * *

थोरली जाऊ रामी भाकरी उलटत होती, पण तिचं लक्ष भाकरीत नव्हतं. नवऱ्याची गोधडी रोज पहाटे घामानं ओली निघत होती. कोणी उठायच्या आत ती गोधडी मागच्या कुडावर वाळत घालायची आणि कोणी विचारलं तर पोरावर ढकलायची. पोरगा आठ वर्षांचा, बिचारा चिडायचा. आता बाहेर रंगाच्या वाट्या मांडल्या जात होत्या. एकदा मुखवटा चढला की बोहाड्यापर्यंत मंगळू कोणाचं ऐकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. सासराही असाच नाचला होता. नाचून आला, भिंतीला टेकला, आणि पावसाळा लागायच्या आत गेला. लोक अजून म्हणतात, काय नाचला म्हातारा! तो भिंतीला टेकला होता ते कोणी सांगत नाही.

"चंदना," रामी तव्याकडे पाहत म्हणाली, "त्या डबीत चुकीचा बी येतो का कधी?"

"काय चुकीचं?"

"म्हणजे कसा... थुंकी एकाची न नाव दुसऱ्याचा."

चंदनाचा हात पिठात थांबला. "कोणाची होती?"

"आता ती भाकर करपंल, उलट की."

"जाऊबाय, डबीत कोणाची थुंकी होती?"

रामीनं पदरानं तोंड पुसलं. "तुझ्या नवऱ्याची."

चुलीतलं लाकूड फुटलं. बाहेर विनोद मोठ्यानं हसत कोणाला तरी सांगत होता की देवाच्या मिशा या खेपेला फिल्मी काढायच्या.

"हे बोलले, धाकट्या भावजयीच्या हातात थुंकी कशी देऊ? मेलो तरी देनार नाय," रामी भराभर बोलू लागली. "न विनोद बोलला, आन इकडं. त्यानं पिचकन थुंकून टाकला. मला वाटला, काय नसंलच. न निकाल आला तो बी चांगला. मग मी गप राहिले. पन चंदना, रोज गोधडी भिजते गं."

चंदनाला ती डबी आठवली. जव्हारच्या बाई शिकवताना प्रत्येकीच्या डोळ्यांपुढं डबी धरत आणि विचारत, काय दिसतं? लाळ की बेडका? लाळ असेल तर परत पाठवा. ती डबी चंदनानं हातात घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, जेठांच्या तोंडातलं निरखून कसं बघायचं? तिनं मान फिरवली आणि डबी खोक्यात ठेवली. कोणाही परक्याची डबी तिनं उजेडात धरली असती.

"चूक माझी पण आहे," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

"मग आता?"

"आता नाचायचं नाही. आधी तपासणी."

"ते तू सांगनार? त्यांना?" रामीच्या आवाजात भीती होती, आणि थोडी आशाही. "खांब काय अंगनात चालत येनार नाय."

* * *

विनोदला तिनं घराच्या मागे गाठलं. तो ब्रश धूत होता.

"भाऊ-भाऊ एकाच रक्ताचे," तो म्हणाला. "मला वाटलं, काय फरक पडतो?"

"रक्त एक असेल. फुफ्फुसं दोघांची वेगळी आहेत."

विनोदनं ब्रश खाली ठेवला. त्याला आईचा राग, भावाचा राग आणि बायकोचा राग असे तीन राग एकदम दिसत होते, आणि त्यातला कुठला बरा ते ठरत नव्हतं. "आता बोलू नको. जिवाकाका आलाय. त्याच्यापुढं बोललीस तर सोंग गेला आपल्या घरातून. तो वाटच बघतोय. काळ्याला नाचवायचा हाय त्याला."

"सोंगापेक्षा तुमचा भाऊ मोठा आहे ना?"

"मला नको विचारू. दादाला विचार," विनोद म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला. "म्हंजे... तुला विचारता येत नाय, ते हाय."

जिवाकाका म्हणजे त्यांच्या बापाचा धाकटा भाऊ. तो ओटीवर चहा पीत होता. त्याचा मुलगा काळ्या संबळीची वादी ताणत होता. रंगवलेला नरसिंह पाटावर वाळत होता, लाल जीभ, पिवळी आयाळ. कलत्या उन्हात त्याचे डोळे ओले दिसत होते. मंगळू त्याच्याशेजारी बसून होता. चंदना दारात येऊन उभी राहिली तशी माघीनं तिच्याकडे पाहिलं. सुनेची पावलं वाजली होती.

"आई, मला बोलायचं आहे," चंदना म्हणाली. "ती डबी चुकीची होती. थोरल्यांची तपासणी झालेलीच नाही. ती होईपर्यंत त्यांनी नाचू नये."

मंगळूनं मान खाली घातली आणि देवाच्या आयाळीवरचा नसलेला कचरा काढू लागला.

"आयो," माघी म्हणाली. "पाव्हन्यारावळ्यांत घराचा पानी करतेस? मंगळू नाचनार नाय तर कोन नाचनार? माझा नवरा नाचला, सासरा नाचला."

जिवाकाकानं कप खाली ठेवला. "सूनबाय, एक सांग. आत्ता घरची सून बोलतेय का सरकारची नर्स? तेवढा कळला म्हंजे आम्ही कसा ऐकायचा ते ठरवू."

काळ्या खीः करून हसला. चंदनानं पदर सावरला, आणि सावरताना तिचा तिलाच राग आला.

"नर्स असंल तर मग खराच असनार," जिवाकाकाच पुढं म्हणाला, आणि त्याचा आवाज लोण्यासारखा झाला. "शिकलेली पोर हाय. वैनी, तिचा ऐकायला पायजे. आजारी मानसाच्या तोंडावर देव ठेवला तर देवाला विटाळ. यंदा काळ्या नाचंल. मुखवटा आजच नेतो, आमच्या माळ्यावर ठेवतो."

हे ऐकून माघीचे डोळे सुनेवरून दिराकडे गेले आणि परत सुनेकडे आले. "हां," ती हळूच म्हणाली. "म्हंजे हा असा ठरला होता तर."

"आई, नाही—"

"काकाच्या घरचा चहा गोड लागला काय गं?"

विनोदनं डोळे मिटून घेतले. रामीनं दारातच कपाळाला हात लावला. आतापर्यंत चंदनाचं न ऐकणारे तिच्या विरुद्ध होते. आता तिचं ऐकणाराच तिला बुडवत होता.

"काका," चंदना म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज उपकेंद्रातला होता, "मुखवट्याला काही होत नाही. देवाला विटाळ नाही. हा आजार असलाच तर तो हवेतून पसरतो, बंद घरात, जवळ बसून. मुखवटा इथंच राहील. आणि थोरल्यांना आजार निघाला तर त्यांच्याजवळ बसणाऱ्या सगळ्यांची तपासणी होईल. तुम्ही रोज संध्याकाळी इथं बिडी प्यायला येता. तुमचं नाव पहिलं."

जिवाकाकाचा हात बिडीच्या बंडलाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"माझा?" तो म्हणाला. "मला काय धाड भरली हाय?"

"तेच बघायचं."

रामी हसली. तिला हसू आवरलंच नाही. मग विनोद हसला. माघीनं हसू दाबायला तोंडावर पदर धरला, पण तिचे खांदे हलले, आणि ती सुनेच्या बाजूला सरकून बसली.

एकटा मंगळू हसला नाही. तो उठला. त्यानं मुखवटा उचलला. "काळ्या," तो म्हणाला, "वाजव."

* * *

मुखवट्याच्या आत नेहमी वेगळं हवामान असतं. कागदाच्या लगद्याचा, गोंदाचा, जुन्या धुराचा वास. बापाच्या घामाचा वास अजून तिथंच आहे असं मंगळूला दर वर्षी वाटायचं. दोन भोकांतून जग लहान आणि लांब दिसतं, विहिरीच्या तळातून आभाळ दिसावं तसं. संबळ वाजू लागली की त्याचं नाव गळून पडे. मग त्याला बायको नसे, आई नसे, वीटभट्टीवरचा मुकादम नसे. तो खांबातून निघालेला असे.

आज संबळ लांब वाजत होती. श्वास मुखवट्याला धडकून परत तोंडावर येत होता, गरम. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. छातीत कोणीतरी सुकं पान चुरगाळत होतं. मी पडणार नाही, तो म्हणाला. बाप पडला नव्हता. मग त्याला आठवलं, बाप भिंतीला टेकला होता.

गाऱ्हाणी सुरू झाली. आई पाया पडली, भाताला पाऊस दे म्हणाली. काकानं काहीतरी तोंडातल्या तोंडात मागितलं. विनोदनं जीपला नवा क्लच मागितला. रामी नुसतीच रडली. दर वेळी नरसिंहानं मान झुकवली.

मग भोकांच्या चौकटीत धाकटी भावजय आली. मंगळूनं तिला पहिल्यांदाच समोरून पाहिलं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, आणि तिच्या भुवया कशा आहेत ते त्याला माहीत नव्हतं. ती अगदी पोरगी होती. ती घाबरलेली होती. पण ती थेट देवाच्या डोळ्यांत, म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाहत होती. देवाकडे बघायला भावजयीला मनाई नव्हती.

"देवा," ती म्हणाली, "माझ्या घरात एक माणूस खोकतो. तो मला बापासारखा. त्याच्याशी बोलायची मला परवानगी नाही, म्हणून तुझ्याकडे आले. त्याला रात्री घाम फुटतो. त्याचा सदरा अंगावर लटकल्यासारखा दिसतो. तुला सगळं दिसत असेलच."

संबळ थांबली. काळ्याला वाजवायचं भान राहिलं नाही.

"मला माहीत नाही त्याला काय झालंय. नसेलही काही. पण असलं तर औषध आहे. रोज गोळ्या घ्याव्या लागतील, काही महिने. तो बरा होईल का, ते मी आज सांगणार नाही. आधी कळू दे. देवा, त्याला सांग, उद्या सकाळी तोंड न धुता मोहाच्या झाडांखाली ये. डबी घेऊन मी येते. मागच्या वेळी मी मान फिरवली. या वेळी फिरवणार नाही."

मुखवट्याच्या आत मंगळूला खोकला आला. त्यानं तो धरून ठेवला, दाबून ठेवला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. देव खोकत नाही. पण छाती देवाची नव्हती. खोकला सुटला, आणि नरसिंहाचं मोठं पिवळं डोकं खोकल्यानं हलू लागलं, खाली, वर, पुन्हा खाली.

"झुकली!" माघी ओरडली. "देवानं मान झुकवली!"

विनोदनं धावत येऊन भावाच्या डोक्यावरून मुखवटा उचलला. मंगळू अंगणात खाली बसला, ओला, हवेसाठी तोंड उघडं टाकून. मान देवानं झुकवली की खोकल्यानं, हे पाड्यात पुढं बरीच वर्षं कोणी नक्की सांगू शकलं नाही. मंगळूला विचारलं तर तो म्हणे, मी तिथं नव्हतो.

* * *

पहाटे डोंगरावर धुकं नव्हतं, पण फुलांच्या वासानं धुक्यासारखंच वाटत होतं. मोहाची फुलं टप टप पडत होती. रामी टोपलीत फुलं वेचत होती, जरा लांब, पण फार लांब नाही. चंदना नाकातोंडाला मास्क लावून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी होती. तो येणार नाही असं तिला वाटलं होतं. मग तो आला, खांद्यावर टॉवेल, डोळे जमिनीवर.

मध्ये देव नव्हता. मुखवटा घरी पाटावर होता.

"आधी साध्या पाण्यानं चूळ भरा," चंदना म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच कोणा दुसरीचा वाटला.

मंगळूनं चूळ भरली. डबी घेतली. पाठ केली. पिचकन आवाज आला. मान वळवलेलीच ठेवून त्यानं हात मागे केला आणि डबी पुढं धरली, कसंतरी एकदाचं संपवावं तशी.

चंदनानं डबी घेतली. उगवतीच्या उजेडाकडे धरली. पातळ, पांढरं, वर फेसाचे दोन बुडबुडे.

तिला परत घरी जावंसं वाटलं. ते आले तेवढं पुष्कळ, असं म्हणावंसं वाटलं. समोर पाठ करून उभा असलेला माणूस घरातला सगळ्यात मोठा होता, आणि त्यानं आपला सगळा मान खर्चून एवढं केलं होतं.

"ही लाळ आहे," ती म्हणाली. "ही चालणार नाही."

रामीचा वेचता हात थांबला.

"पुन्हा," चंदना म्हणाली, आणि नवी डबी पुढं केली.

मंगळू वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. कागदाच्या भोकांतून नव्हे, नुसत्या डोळ्यांनी. रागावला असता तर तिनं समजून घेतलं असतं. पण तो वर्गात पहिल्यांदा फळ्यापाशी बोलावलेल्या मुलासारखा दिसत होता, ज्याला खडू कसा धरतात तेही माहीत नाही.

"घाई नाही," ती हळू म्हणाली. "मी सांगते तसं करा. लांब श्वास घ्या. थोडा धरा. सोडा. पुन्हा घ्या. आता गळ्यातून नको, खालून, पोटाच्या वरून खोका. लाजू नका. लाजलात तर वरचंच येतं."

त्यानं श्वास घेतला. धरला. सोडला. पुन्हा घेतला. मग तो खोकला, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, खूप वेळ. मोहाची दोन फुलं त्याच्या पाठीवर पडली. चंदना पाहत राहिली. तिनं मान फिरवली नाही.

त्यानं डबी तिच्या हातात दिली आणि तोंड पुसलं.

"आता?" त्यानं विचारलं.

तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता. चंदनानं डबी उजेडात धरली आणि नीट, सावकाश पाहिलं.

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि झाकण घट्ट लावलं.